वेंडेल टिलमनच्या काळ्या काचा

आमच्या पश्चिम ओक्लाहोमात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. अख्खा हात नाही, फक्त बोट, तेही जेमतेम. हात हलवणारा माणूस बाहेरचा, हे आम्हाला लांबूनच कळतं. समोरचा ओळखीचा असो नसो, कोर्टात तुमच्या विरुद्ध उभा राहिलेला असो, बोट उचलावंच लागतं. ज्याच्या दारात तुम्ही पाय ठेवत नाही त्यालासुद्धा. न उचलणारा एक तर टेक्सासचा असतो नाही तर माजलेला, आणि दोघांचीही आमच्याकडे सारखीच किंमत.

वेंडेल टिलमननं हे बोट जन्मभर इमानानं उचललं. शेतावरच्या घरांना गॅस पोचवणं हा त्याचा धंदा. इथे प्रत्येक घरामागे गॅसची पांढरी टाकी असते, ती भरायला हॅस्टन गावातून वेंडेलचा ट्रक यायचा. त्यामुळे कुठल्या रस्त्यावर कोण राहतं, कुणाचं कुत्रं चावरं, कुणाची बायको रुसून बहिणीकडे गेलीय, सगळं त्याला ठाऊक. पण बोलायचा कमी. विचारलं तेवढंच उत्तर, तेही तुमच्याकडे न बघता. मात्र एप्रिल लागला, नैऋत्येकडून ढग चढायला लागले, की याच्या अंगात यायचं. गॅसचा ट्रक उभा करून ठेवायचा आणि स्वतःची पिकअप घेऊन वादळामागे सुटायचा.

वादळामागे धावणारे हल्ली ढिगानं झालेत. कुठल्या कुठल्या राज्यांतून येतात, रस्ते अडवतात, कुणाचं छप्पर उडालं की टाळ्या पिटतात. मेल्यांना लाज नाही. वेंडेल त्यांतला नव्हता. तो वादळाच्या पुढे पुढे राहायचा, खालचा ढग कुठे फिरतोय, त्यातून चक्रीवादळाची सोंड जमिनीकडे उतरतेय का ते बघायचा आणि रेडिओवरून हवामान खात्याला कळवायचा. त्याचा त्याला एक पैसा मिळत नव्हता. आता खोटं कशाला सांगू, त्याला बघायलाही आवडायचं. एवढ्या मोठ्या आभाळाखाली जन्म काढलेल्या माणसाला ते आवडणारच.

आणि त्याचं एक आणखी होतं. वादळाचा भोंगा वाजला की जगातली शहाणी माणसं तळघरात जातात. आमचे बाप्ये ओसरीवर येतात. खिशात हात घालून आभाळाकडे बघत उभे राहतात, बायका आतून ओरडून घसा बसवतात तरी हलत नाहीत. भोंग्याचं त्यांना काही वाटत नाही, कारण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी वाजतो आणि जिल्हा आहे चाळीस मैलांचा. दरवेळी कोण खाली जाऊन बसणार? तर अशा वेळी वादळाच्या तोंडाकडून वेंडेलची गाडी आली की सगळ्यांची नजर त्याच्या पुढच्या काचेवर. त्यानं नेहमीसारखं बोट उचललं, तर काही नाही, स्वयंपाक चालू द्या. त्यानं पंजा पसरून काचेला लावला, तर मुकाट्यानं तळघरात. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका वर्षी त्यानं कुणाला तरी घाईत पंजा दाखवला, ते कुटुंब वाचलं, आणि तेव्हापासून ती रीतच पडून गेली.

या रस्त्यावर वेंडेलचा थोरला भाऊही राहायचा. अर्लिस. बापाच्या शेतावर, बापाच्याच घरात. दोघांचं बोलणं बंद होतं.

त्याची गोष्ट अशी. दोघं मिळून शेत करत होते तेव्हाची. जूनमध्ये गव्हाची कापणी चालू. अर्लिस हार्वेस्टरवर, धान्याचा ट्रक चालवायचं काम वेंडेलकडे. दुपारी दक्षिणेला एक ढग असा काही उठला की वेंडेलला राहवेना. आपल्याकडे येत नाही हा, तासाभरात परत येतो, म्हणून तो गेला. तो ढग खरंच आला नाही. त्याच्या मागून दुसरा आला. अर्लिस एकटा शेतात, हार्वेस्टर धान्यानं भरलेला, रिकामा करायला ट्रक नाही. गारा अशा पडल्या की उभा गहू जमिनीला शिवून टाकल्यासारखा झाला. वर्षाची मेहनत दहा मिनिटांत मातीत.

संध्याकाळी आईच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. अर्लिसच्या कपाळावर गारेनं ही एवढी खोक पडलेली.

"तू बघायला गेलास," अर्लिस म्हणाला. "मी खाली उभा होतो."

वेंडेलनं माफी मागायला हवी होती. तेवढंच तर हवं होतं अर्लिसला. पण टिलमनांच्या तोंडात तो शब्द देवानं घातलाच नाही. "मी असतो तर काय गव्हावर छत्री धरली असती?" असं म्हणून तो ताटावरून उठला. त्याच उन्हाळ्यात त्यानं शेतातला हिस्सा सोडला, गावात येऊन गॅसचा ट्रक धरला. आई गेली तेव्हा शवपेटीची दोन टोकं दोघांनी उचलली आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

बोट मात्र चालू होतं. अर्लिसची पिकअप समोरून आली की वेंडेलचं बोट वर, अर्लिसचंही वर. दोन सख्ख्या भावांमध्ये उरलेलं संभाषण ते एवढंच. आणि मे महिन्यात कधीतरी पंजा. त्याच्या फाटकासमोर वेंडेल गाडी अगदी हळू करायचा, पंजा काचेला लावायचा, अर्लिस ओसरीवरून वळून आत जायचा, मग वेंडेल पुढे निघायचा. अर्लिसची बायको नेवा आणि वेंडेलची बायको डोरीन या दोघी चर्चच्या दारात उभ्या राहून बोलायच्या. नवऱ्यांची भांडणं त्यांनी कधी अंगाला लावून घेतली नाहीत. नेवा एकदा डोरीनला म्हणाली, भोंगा बोंबलून मेला तरी आमचे हे उठत नाहीत, म्हणतात भोंगा कुणालाही रडतो, वेंडेल उगाच हात दाखवत नाही. डोरीननं घरी येऊन ते सांगितलं. वेंडेल उठून अंगणात गेला आणि बराच वेळ पिकअपची पुढची काच पुसत बसला.

पुढे त्याच्या डाव्या कानावर एक डाग आला. बरा होईना. डॉक्टरीणबाईंनी कानाचा वरचा तुकडाच काढला आणि गालावरचंही थोडं. इतकी वर्षं ट्रक चालवताना खिडकीतून येणारं ऊन डाव्या अंगावर घेतलंत, त्याचं हे फळ, म्हणाल्या. यापुढे गाडीच्या सगळ्या काचांना काळी फिल्म लावायची, पुढच्यासुद्धा. पोलिसांनी अडवू नये म्हणून चिठ्ठीही दिली.

झालं, हॅस्टनच्या कॅफेत महिनाभर दुसरा विषय नाही. वादळात फिरणाऱ्या गाडीला काळ्या काचा असाव्यात का? डॉयल हॅच म्हणून आमच्याकडे एक आहे, निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या उठाठेवी हाच त्याचा उद्योग. तो म्हणाला, काळ्या काचेतून बघशील तर प्रत्येक ढग गारांनी भरलेला दिसेल, कापसाएवढ्या ढगाला भिऊन तू अख्खा जिल्हा तळघरात घालशील. आभाळाचा जो हिरवा रंग बघून आपण ओळखतो की आता खरं नाही, तो रंग काचेत मरणार. संध्याकाळी पावसात रस्त्यावर वासरू उभं असलं तरी दिसायचं नाही. गॉगल काढून ठेवता येतो बाबा, काच काढून कुठे ठेवशील?

वेंडेल एरवी अशा चर्चेत पडत नसे, पण या वेळी त्याला जाब दिल्यासारखं उत्तर द्यावं लागलं. ऊन लागत नाही हे एक. लॅपटॉपवर ढगांचा नकाशा बघायला डोक्यावर टॉवेल घेऊन बसावं लागत नाही. गार आदळली तर फिल्म फुटलेली काच धरून ठेवते. दोन वर्षांमागे बाजूची काच फुटून तिचे तुकडे त्याच्या मानेत गेले होते, डोरीननं चिमट्यानं काढले. आणि रंग नीट बघायचा असेल तेव्हा खिडकी खाली करता येते की. डॉयल म्हणाला, मग काळ्या काचा कशाला, खिडकी खालीच ठेव. लोक हसले. वेंडेल कॉफी अर्धी टाकून निघून गेला.

सगळा वाद आतून बाहेर काय दिसेल याचा. बाहेरून आत काय दिसेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वेंडेलच्या मात्र आलं. ज्यानं काचा करून दिल्या त्याला त्यानं सांगितलं, पुढची फिकट ठेव. मग भर दुपारी दुकानाच्या अंगणात गाडी उभी केली, त्या माणसाला समोर पन्नास पावलांवर पाठवलं, आत बसून बोट उचललं, मग पंजा लावला. दिसतंय का? दिसतंय, तो म्हणाला. वेंडेलचं समाधान झालं. कुणासाठी एवढी काळजी, हे त्यानं दुकानदाराला सांगितलं नाही.

आता यात चूक कुठे झाली? चूक झाली ती उजेडात. माथ्यावर ऊन असताना उजेड गाडीच्या आत पडतो, हात दिसतो. पण आभाळ भरून आलं, गाडीचं पोट अंधारलं, आणि समोर क्षितिजावर ती ढगाखालची पांढरी फट उघडी राहिली, की काचेत तेवढी फट चमकते आणि आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणजे हात कधी दिसायचा, तर जेव्हा त्याची काही गरज नाही तेव्हा. आणि आत बसलेल्याला हे कळायला मार्गच नाही. त्याला बाहेरचं लख्ख दिसतं. ज्याला सगळे दिसतात त्याला वाटतं, आपणही सगळ्यांना दिसतोय.

त्या वसंतात वेंडेलला समोरच्या गाड्यांमधून निम्मी बोटं परत येईनाशी झाली. त्याला लागलं ते. त्याला वाटलं, कान कापल्यावर माणसं आपल्याकडे बघायचं टाळतायत. आणि गावाला काय वाटलं? गावाला वाटलं, याचं बोट आता मर्जीवर आहे. मंगळवारी उचलतो, बुधवारी नाही. डॉयलनं तर कॅफेत जाहीरच केलं की वेंडेल मोठा माणूस झालाय. तोंडावर कोण बोलणार? आमच्याकडे पाठीमागे बोलायची शिस्त आहे.

डोरीन त्याला एकदा म्हणाली, "अरे, तू बाहेरून दिसत नाहीस."

"दिसतो," वेंडेल म्हणाला. "मी बघून घेतलंय."

तिनं पुन्हा सांगितलं, तर तो वर्तमानपत्र उघडून बसला. टिलमन लोकांनी एकदा बघून घेतलं म्हणजे घेतलं.

मग एप्रिलमध्ये ती पशुखाद्याच्या दुकानातली गोष्ट झाली. वेंडेल दुकानामागची टाकी भरून पावती द्यायला आत आला. काउंटरपाशी अर्लिस उभा. त्याच सकाळी पुलाजवळ दोघांच्या गाड्या समोरासमोर आल्या होत्या. वेंडेलनं बोट उचललं होतं आणि अर्लिसनं नुसतं आरपार बघितलं होतं. ते दिवसभर वेंडेलच्या डोक्यात सलत होतं. आणि आता हा अर्लिस त्याच्याकडे पाठ करून, दुकानदाराला, पण अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काही लोकांना डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलं की त्यांना माणसंही वर्ज्य होतात."

वेंडेलचा उरलेला कान तापला. बोट उचललं मी, तोंड फिरवलं यानं, आणि वर बोंबही यानंच मारायची! त्यानं पावती काउंटरवर ठेवली आणि निघाला. एक वाक्य बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी तर बोट उचललं होतं, बस. अर्लिस म्हणाला असता, मला दिसलं नाही. दुकानदार म्हणाला असता, त्या काचा रे. पण नाही. बोलतील तर टिलमन कसले! त्या दिवसापासून अर्लिसच्या फाटकासमोर गाडी हळू करायचं वेंडेलनं सोडलं. बोट उचलायचा, कारण ते उचलावंच लागतं. पण वेगात.

मे संपत आला होता. दिवसभर अंगाला चिकटणारी हवा, आणि दुपारी चारनंतर नैऋत्येला ढगांचा डोंगर. वेंडेल त्याच्या पुढ्यात जाऊन थांबला. खिडकी खाली केली आणि नीट बघितलं. सोंड पावसाच्या आत होती. पावसाचा पडदा एवढा दाट की दुरून बघणाऱ्याला नुसता पाऊस येतोय असं वाटावं. पडदा क्षणभर फाटला तेव्हा वेंडेलला ती दिसली, जाडजूड, जमिनीला टेकलेली, आणि ती ईशान्येकडे निघाली होती. त्यानं रेडिओवर कळवलं, जागा सांगितली, दिशा सांगितली. हॅस्टनमध्ये भोंगा सुरू झाला. गारा यायला लागल्या तशी त्यानं खिडकी वर केली आणि उत्तरेकडे गाडी हाणली.

रस्त्यावरच्या पहिल्या घराला त्यानं पंजा दाखवला. तिथली माणसं आधीच तळघरात होती, ओसरीवर कुणी नव्हतं. दुसरं घर रिकामंच. तिसरं अर्लिसचं.

अर्लिस ओसरीवर उभा होता.

वेंडेलला तो स्वच्छ दिसला. पाऊस अजून तिथे पोचला नव्हता. उत्तरेला ती पांढरी फट होती आणि तिचा उजेड सरळ घरावर पडला होता. अर्लिसच्या अंगात निळी ओव्हरऑल, एका खांद्याचा पट्टा सुटलेला, डोक्यावर टोपी, दोन्ही हात खिशात. वेंडेलनं पंजा उचलला आणि काचेला दाबून धरला. अर्लिस थेट त्याच्याकडे बघत होता. थेट. आणि हलला नाही.

वेंडेलचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली. त्याच्या मनात आलं, थांबावं, ओसरीवर जावं, दंडाला धरून म्हणावं, चल खाली. आणि लगेच दुसरं आलं. हा नेवासमोर काहीतरी टोचून बोलेल. म्हणेल, आज बघायला नाही गेलास? त्याला दिसतंय मी हात दाखवतोय, माझ्याच डोळ्यांत बघतोय, आणि मुद्दाम उभा आहे. मी सांगायचं ते सांगितलं. आता त्याचं तो बघेल. वेंडेलनं पाय उचलला आणि गाडी पुढे काढली.

वेळ होता. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे लोक काय वाटेल ते बोलले. थांबायला, दोन शब्द बोलायला, तिघांनी तळघरात उतरून दार लावून घ्यायला भरपूर वेळ होता. वेंडेलइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सोंड कुठे आहे आणि किती वेगानं येतेय हे त्या रस्त्यावर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

बापाचं घर जोत्यापासून उपटलं गेलं. नेवा न्हाणीघरातल्या लोखंडी टबात सापडली, खांदा मोडलेला, पण जिवंत. तळघर मागच्या अंगणात, तिथवर जायला वेळ उरला नव्हता, म्हणून अर्लिसनं शेवटच्या क्षणी तिला टबात ढकललं आणि तिच्यावर टाकायला गादी आणायला तो खोलीकडे पळाला. तो कुंपणापलीकडे, गव्हात सापडला.

वेंडेलला वाटलं होतं, आता लोक आपल्या तोंडावर थुंकतील. आपण त्या घरावरून गेलो हे वरच्या वळणावरच्या माणसांनी बघितलं होतं. पण झालं भलतंच. दुसऱ्याच दिवशी डॉयल हॅच दारात आला, हातात बायकोनं भाजलेला ॲपल पाय. डोळे ओले करून म्हणाला, त्या काचा रे वेंडेल, मी सांगितलं होतं ना, त्या काचांतून पावसात कुणाला काय दिसणार? तू स्वतःला दोष देऊ नकोस. मग दुसरा आला, तिसरा आला, चर्चचे पाद्री आले. सगळ्यांचं तेच. बिचाऱ्या वेंडेलला ओसरीवर उभा असलेला सख्खा भाऊ दिसला नाही. दिसला असता तर थांबला नसता का? वेंडेल ऐकून घेत राहिला. गावानं त्याच्यासाठी एक गोष्ट शिवून आणली होती आणि ती त्याला बरोबर बसत होती. त्यानं ती अंगातून काढली नाही, एवढंच.

अर्लिसला पुरल्यानंतर नेवा गावात तिच्या बहिणीच्या घरी राहायला गेली. काही दिवसांनी तिनं वेंडेलला बोलावलं. एकट्याला ये, म्हणाली. तो गेला. खांद्याला पट्टा बांधून ती स्वयंपाकघरात बसली होती. तिनं त्याला खुर्ची दाखवली.

"भोंगा वाजला तेव्हा मी त्याला म्हटलं, खाली चल," ती म्हणाली. "तो म्हणाला, थांब, वेंडेल त्या बाजूनं येतोय, त्याचा हात बघू. तू गेलास. तो आत आला आणि म्हणाला, हळू झाला होता, पण हात नाही दाखवला त्यानं. म्हणजे आपल्यावर येत नाहीये. बटाटे होऊ देत."

मी दाखवला होता, हे वेंडेलच्या जिभेवर आलं. पंजा दाबून धरला होता काचेला, त्याला नसेल दिसला, पण मी दाखवला होता. एवढं सांगितलं असतं तर निदान मेलेल्या भावाला आपण फसवलं नाही, एवढं तरी नेवाला कळलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगायचं. हात कुणाला दाखवला? अर्लिसला. म्हणजे अर्लिस दिसत होता. म्हणजे तो जागचा हलत नाही हेही दिसत होतं. मग गाडी पुढे का काढलीस? हे दोन्ही एकाच दोरीत बांधलेलं होतं, एक ओढलं की दुसरं येणारच.

नेवा त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तो तुझ्याशी बोलायचा नाही," ती म्हणाली, "पण तुझ्या हातावर त्याचा जीव होता. म्हणून मी तुला विचारते. लोक म्हणतात ते खरं ना? तुला तो दिसलाच नाही ना?"

बाहेर तिच्या बहिणीनं नळ सोडला होता.

"नाही," वेंडेल म्हणाला. "नाही दिसला."

नेवानं श्वास सोडला. तिनं चांगल्या हातानं त्याचा हात धरला आणि म्हणाली, मला माहीतच होतं. मग ती रडली, आणि तो तिला रडू देत बसला.

त्यानंतर तिनं नियमच केला. दर रविवारी चर्च सुटलं की वेंडेल आणि डोरीननं तिच्याकडे जेवायचं. मक्याचा पाव, बीन्स, तळलेली भेंडी, कधी कोंबडी. तिला आता तेवढंच एक टिलमनांचं माणूस राहिलं होतं. डोरीननं दोन-तीनदा सुचवलं की कान बरा झालाय, त्या काचा काढून टाक. वेंडेल म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय. काचा काढल्या असत्या तर तो कशाच्या आडोशाला उभा राहिला असता? वादळामागे जाणं मात्र त्यानं सोडलं. आता मे महिन्यात तो रेडिओ बंद करून घरात बसतो, आणि लोक म्हणतात, धसका घेतला बिचाऱ्यानं.

रविवारी नेवाकडे कुणी नवीन पाहुणा असला, बहिणीचा जावई नाही तर चर्चमधलं कुणी, की ती त्याला वेंडेलची ओळख करून देते. "हा माझ्या नवऱ्याचा भाऊ. वादळ आलं त्या दिवशी आमच्या घरावरूनच गेला. याला अर्लिस दिसला असता ना, तर हा जिवावर उदार होऊन थांबला असता." पाहुणा वेंडेलकडे आदरानं बघतो. नेवा त्याच्या ताटात न विचारता आणखी भेंडी वाढते. वेंडेल मान खाली घालतो आणि वाढलेलं सगळं संपवतो.